जुन्या पेट्रोल फर्ग्युसनचा कार्बोरेटर: भार पडताच इंजिन बंद पडत असेल तर स्क्रू किती फिरवावा?

आपण लिहिले आहे की आजोबांच्या काळातील पेट्रोलवरचा फर्ग्युसन टीई-20 ट्रॅक्टर रिकामा नीट चालतो, पण मोगडा लावून शेतात उतरवला की काही मिनिटांत गुदमरून बंद पडतो. तेव्हा कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणाऱ्या भागाचा, हवेचा स्क्रू किती फेरे उघडा ठेवावा, हा आपला प्रश्न आहे. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडावा आणि इंजिन गरम झाल्यावर ते जेथे सर्वांत सुरळीत चालेल तेथे ठेवावा. परंतु त्याने आपला बिघाड जाणार नाही. हा स्क्रू फक्त मंद गतीचे मिश्रण ठरवतो. भार पडला की थ्रॉटल (मिश्रण इंजिनात सोडणारी झडप) उघडतो आणि पेट्रोल मुख्य जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक छिद्रातून, येऊ लागते, त्या वेळी या स्क्रूचा जवळजवळ काहीही संबंध उरत नाही.

मी एवढ्या ठामपणे लिहितो, कारण औसा तालुक्यातील आमच्या शेतावर याच बिघाडावरून घरात मोठा वाद झाला होता. आमचा ट्रॅक्टरही याच जातीचा आहे. दसऱ्याच्या पूजेपूर्वी थोरल्या चुलतभावांनी, म्हणजे दादांनी, त्याला हौसेने नवा करडा रंग दिला आणि त्यानंतर रब्बीच्या पाळीला तो आपल्यासारखाच बंद पडू लागला. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होई, पुन्हा काही मिनिटे ओढी आणि पुन्हा थांबे. गावच्या मिस्त्रींनी न तपासताच कार्बोरेटर खराब असल्याचे सांगितले, स्क्रू मनाला येईल तसा फिरवला आणि शेवटी मुख्य जेटमध्ये लोखंडी तार घालून तो "साफ" केला. बिघाड तसाच राहिला. वर इंजिन काळा धूर ओकू लागले आणि पेट्रोलचा खर्च वाढला. मग दादांनी ट्रॅक्टर भंगारात देण्याची भाषा सुरू केली. पुढच्या वेळी इंजिन शेतात थांबले तेव्हा मी फक्त टाकीचे टोपण सैल केले. हवा आत ओढली गेल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. टोपणावरचे हवेचे छिद्र रंगाने बुजले होते. या ट्रॅक्टरला पेट्रोल केवळ उतारानेच येते; त्यामुळे वरून हवा मिळाली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि धार मंदावते. रिकाम्या इंजिनाला तेवढे पेट्रोल पुरते, ओढणाऱ्या इंजिनाला पुरत नाही. छिद्र सुईने मोकळे केले आणि बंद पडणे थांबले. धूर मात्र तारेने मोठा झालेला जेट बदलल्यावरच गेला. दादा आजही म्हणतात की मिस्त्रींच्या तारेमुळेच ट्रॅक्टर सुधारला. मला ते अजिबात मान्य नाही, कारण धूर तारेच्या आधी कधीच नव्हता.

म्हणून आपणही आधी टोपण पाहावे. नंतर कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा बोल्ट काढून धार पाहावी. ती अर्धा मिनिट तरी एकसारखी यायला हवी. सुरुवातीला जोरात येऊन मंदावली, तर दोष टोपण, कॉक, गाळणी किंवा नळीत आहे आणि कार्बोरेटर निर्दोष आहे. धार चांगली असूनही इंजिन दम सोडत असेल, तर भाराखाली चोक (हवा अडवणारी झडप) किंचित ओढावा. त्याने ते सावरले तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे, म्हणजे जेटमध्ये कचरा आहे किंवा मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळकांड्याच्या) गॅस्केटमधून हवा शिरते आहे. चोकने आणखी बिघडले आणि प्लग काजळीने काळे झाले असतील, तर फ्लोट (वाटीतील पोकळ तरंगता भाग) काढून कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटका आहे. काळ्या रानातील धुळीने तेलाची हवागाळणी तुंबली तरी हेच लक्षण दिसते. ठिणगी पाडणारे पॉइंट आणि प्लग आधीच तपासले असतील असे मी धरून चालतो, कारण ठिणगीचे निम्मे दोष कार्बोरेटरच्या माथी मारले जातात.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हा कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या खाली असल्याने वाटी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावी आणि पेट्रोल पत्र्याच्या भांड्यात धरावे. शिवाय वर सांगितलेला स्क्रू हवेचा आहे, तो आत फिरवला की पेट्रोलचे प्रमाण वाढते. दुसऱ्या काही कार्बोरेटरांवर स्क्रू पेट्रोलचा असतो आणि तेथे नेमके उलट घडते. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून येणारे मिश्रण थोडे कमी पेट्रोलचे पडते, जुने रबरी भागही फुगतात. यासाठी जेट एखाद्या मापाने मोठा घालावा लागला, तर त्यात काही गैर नाही; पण तो मापाचा आकडा पाहून विकत आणलेला असावा. टीई-20 हे 1946 ते 1956 या काळात पाच लाखांहून अधिक तयार झाले आणि त्यांचे सुटे भाग आजही बनतात, तेव्हा तारेला हात लावण्याचे कारणच उरत नाही.