समुद्रकाठच्या गावांना पूर-वादळाचा इशारा देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या वैनगंगेकाठच्या गावाला उपयोगी पडेल का?

होय, पडेल, मात्र तिच्यावर एकट्यावर विसंबून राहू नये. किनाऱ्यावर भरती आणि वारा यांचे गणित असते, तर आपल्याकडे वरच्या खोऱ्यातील पावसाचे. परंतु जुना पाऊस व नदीच्या प्रवाहाच्या नोंदींवरून शिकणारी प्रणाली, जिथे मोजमापाचे केंद्रच नाही अशा नदीचाही अंदाज बांधू शकते. गूगलचे फ्लड हब हे पूर-अंदाजाचे संकेतस्थळ असे अंदाज सात दिवस आधीपर्यंत मोफत दाखवते, आणि तेवढ्या अवधीत नदीपात्रातले मोटारपंप वर काढणे, गुरे हलवणे, रोवणीचे काम पुढे ढकलणे सहज शक्य होते.

अडचण धरणाची आहे. गोसीखुर्दचे ३३ दरवाजे कधी आणि किती उघडायचे हा निर्णय माणसे घेतात, तो केवळ पावसावरून ओळखता येत नाही. ऑगस्ट २०२० अखेरचा महापूर आठवा: आपल्या शिवारातल्या पावसाहून अधिक, मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून व पुढे गोसीखुर्दमधून आलेल्या पाण्याने धानाच्या बांध्या बुडवल्या. म्हणून मोबाइलवरील अंदाजाबरोबर विसर्गाची सूचना तहसील कार्यालयाकडून रोज घ्यावी, आणि गावातल्या विजेच्या खांबावर त्या पुराची पातळी रंगाने आखून ठेवावी, म्हणजे ‘धोका पातळी’ म्हणजे नेमके कोणाच्या उंबरठ्यापर्यंत पाणी, हे मोबाइल नसलेल्या आजीलाही कळेल.