लॅपटॉपवर चालणारं अ‍ॅप सर्व्हरवर ५०२ देतंय, सर्व्हर पुसण्याआधी काय बघू?

आधी एक विनंती: तिसऱ्यांदा सर्व्हर पुसू नका.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. परभणीच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी तुम्ही जँगोमध्ये, म्हणजे पायथॉनच्या वेब-चौकटीत, अ‍ॅप केलंय. आवक, वजन, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची हिशोबपट्टी, हे सगळं विंडोजच्या लॅपटॉपवर नीट चालतं. मग एक जीबी रॅमचा उबंटू सर्व्हर भाड्याने घेतलात, एका ट्युटोरियलप्रमाणे एन्जिनएक्स (ब्राउझरची मागणी आधी घेणारा वेब सर्व्हर) आणि गुनिकॉर्न (त्याच्या मागे जँगोचा कोड चालवणारा) बसवलंत, प्रोजेक्ट आणि सॉकेट फाइल (हे दोघं जिच्यातून एकमेकांशी बोलतात ती) दोन्ही होम फोल्डरमध्ये ठेवलंत. ब्राउझरमध्ये मात्र ५०२ बॅड गेटवे. दोनदा सगळं पुसून पहिल्यापासून केलंत, तरी तेच. आणि सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत दुकानदाराला ते चालू पाहिजे.

मी लातूरला हेच काम करतो. डाळमिल, आडत, बी-बियाण्याची दुकानं यांची छोटी अ‍ॅप्स सर्व्हरवर चढवायची आणि पडली की उभी करायची. पुसू नका म्हणतो ते यासाठी की तेच ट्युटोरियल परत केलं तर तोच निकाल येणार, आणि दर वेळी लॉग पुसले जातात. नेमकं काय अडलंय हे सांगणारी जागा तीच एक असते. शिवाय लेट्स एन्क्रिप्टचं मोफत एचटीटीपीएस सर्टिफिकेट त्याच डोमेनसाठी आठवड्यात ५ वेळाच मिळतं. असं पुसत राहिलात तर ऐन वेळी तेही अडेल. सगळ्यात मोठं कारण म्हणजे आज त्या सर्व्हरवर काही नाही, पण दसऱ्यानंतर तिथे शेकडो शेतकऱ्यांचा हिशोब असेल. तेव्हा पुसणं हा इलाज राहणार नाही. लॉग वाचायची सवय आत्ताच, डोक्यावर कुणी उभं नसताना लावून घ्या.

५०२ ला घाबरू नका, त्यातून बरंच कळतं. डोमेन बरोबर सर्व्हरकडे वळलंय, फायरवॉलने वाट अडवलेली नाही आणि एन्जिनएक्स जिवंत आहे, कारण ५०२ चं पान तोच दाखवतोय. अडलंय ते त्याच्या मागे, गुनिकॉर्नपाशी. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी टेलच्या शेतात पोचलं नाही तर कुणी शेत पुन्हा नांगरायला घेत नाही, चारीच्या कडेने वर चालत जाऊन कुठल्या दारापर्यंत पाणी आलंय ते बघतात. इथेही तसंच करायचं. पान नुसतं फिरत राहून शेवटी टाइम आउट म्हणालं असतं तर फायरवॉल बघायला सांगितलं असतं. ५०४ आला असता तर गुनिकॉर्न आहे पण उत्तराला उशीर करतोय असं म्हटलं असतं. तुमची वाट एन्जिनएक्सपर्यंत मोकळी आहे, तेवढा भाग डोक्यातून काढून टाका.

आता सर्व्हरवर लॉगिन करा आणि एन्जिनएक्सचा एरर लॉग उघडा. तो व्हार फोल्डरमधल्या लॉग फोल्डरात, एन्जिनएक्स नावाच्या फोल्डरमध्ये एरर डॉट लॉग या नावाने असतो. टेल कमांडने शेवटच्या वीसेक ओळी घ्या. एका खिडकीत लॉग चालू ठेवून दुसरीकडे ब्राउझर रिफ्रेश करा, म्हणजे तुमचीच ओळ डोळ्यांसमोर येऊन पडते. ती लांबलचक असते आणि नवीन माणूस ती बघूनच मागे फिरतो. तिच्यातला एक आकडा आधी वाचा. ‘फेल्ड’ या शब्दानंतर कंसात १११, २ किंवा १३ असेल.

१११ म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड: ज्या पोर्टवर एन्जिनएक्स गेला तिथे कुणी ऐकतच नाही. एकतर गुनिकॉर्न बंद आहे, नाहीतर तो ८००० वर बसलाय आणि एन्जिनएक्सच्या फाइलमध्ये ८००१ लिहिलंय. २ म्हणजे सॉकेट फाइलच सापडत नाही. दोन्ही ठिकाणी लिहिलेला पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

१३ म्हणजे परमिशन डिनाइड. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज याच आकड्यावर आहे. उबंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नवीन युजरचं होम फोल्डर ७५० परवानगीने बनवायला सुरुवात केली. त्याआधी ते ७५५ असायचं, म्हणजे सर्व्हरवरचा कुठलाही युजर त्यातून पुढे जाऊ शकायचा. एन्जिनएक्स चालतो तो ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावाने. सॉकेट फाइल त्याला पूर्ण मोकळी करून दिलीत तरी ती ज्या फोल्डरच्या आत आहे त्याचं दारच त्याला बंद आहे. जुनी ट्युटोरियलं २१.०४ च्या आधी लिहिलेली आहेत. लिहिणाऱ्याकडे ती चालायची, तुमच्या २२.०४ किंवा २४.०४ वर चालत नाहीत. दोनदा नव्याने करूनही फरक का पडला नाही याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

यावर इंटरनेटवर एक उपाय सर्रास सांगितला जातो, चमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या. तो कृपा करून करू नका. त्या फोल्डरमध्ये डेटाबेसचा पासवर्ड आहे, आणि उद्या शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर, बँक खात्यांचे आकडे येणार आहेत. त्यापेक्षा प्रोजेक्ट होममधून उचलून एसआरव्ही फोल्डरात ठेवा आणि सॉकेट रन फोल्डरात. सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा लिनक्सचा भाग) याच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘रनटाइम डिरेक्टरी’ ही ओळ लिहिली की रनमधलं फोल्डर दर वेळी तो आपोआप बनवून देतो. एक मात्र लक्षात ठेवा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (प्रोजेक्टची पायथॉन पॅकेजेस असतात ते) फोल्डर असं उचलून हलवू नका. त्याच्या आत जुने पत्ते लिहिलेले असतात. नव्या जागी नवीन बनवा आणि रिक्वायरमेंट्सच्या फाइलवरून पॅकेजेस परत टाका.

लॉगमध्ये १११ किंवा २ निघाला तर मुक्काम गुनिकॉर्नकडे हलवा. सिस्टिमसीटीएल स्टेटसने सर्व्हिस जिवंत आहे का बघा आणि जर्नलसीटीएलने तिचा लॉग काढा. पायथॉनची चूक छापली असेल तर खालून वर वाचा. खरी गोष्ट शेवटच्या ओळीत असते, वरचा पसारा तिथपर्यंतचा रस्ता दाखवतो. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असेल तर एखादं पॅकेज लॅपटॉपवर आहे आणि रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये राहिलंय.

पायथॉनची चूक नसून नुसता ‘२०३, एक्झेक’ असा शेरा दिसला, तर सिस्टिमडीला तुमची कमांडच चालवता आली नाही. त्याला तुमच्या टर्मिनलची काही माहिती नसते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तुम्ही चालू केलंय हे त्याला ठाऊक नाही, म्हणून गुनिकॉर्नचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहावा लागतो. टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट केलेला डेटाबेसचा पासवर्डही त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो ‘एन्व्हायर्नमेंट फाइल’ या ओळीतून द्यावा लागतो. हाताने चालवलं की चालतं आणि सर्व्हिस म्हणून पडतं, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. तुम्ही विंडोजवर काम करता म्हणून आणखी एक सांगतो. सुरू करायची स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर जातं. फाइल समोर दिसत असते आणि लिनक्स म्हणतो, अशी फाइलच नाही. माणूस पत्ता तपासून तपासून हैराण होतो. डॉसटूयुनिक्स ही कमांड त्या फाइलवर चालवली की अक्षर निघून जातं. सर्व्हिस फाइलमध्ये काहीही बदललंत तर डेमन-रीलोड करून मगच रीस्टार्ट करा, नाहीतर सिस्टिमडी जुनीच फाइल धरून बसतो.

एन्जिनएक्स आणि गुनिकॉर्न यांपैकी दोष कुणाचा हे ठरत नसेल तर सर्व्हरवरूनच कर्ल कमांडने गुनिकॉर्नला थेट विचारा, पोर्ट असेल तर १२७.०.०.१ वर, सॉकेट असेल तर युनिक्स-सॉकेटचा पर्याय देऊन. तिथे काहीही उत्तर आलं, अगदी ४०० आला, तरी गुनिकॉर्न ठीक आहे आणि दोष मधल्या जोडणीत आहे. तिथेही शांतता असेल तर एन्जिनएक्सच्या फाइलला हात लावू नका, तिचा काही संबंध नाही.

एक जीबी रॅमबद्दल. गुनिकॉर्नचा सर्वसाधारण हिशोब कोअरच्या दुप्पट अधिक एक वर्कर (मागण्या हाताळणारी प्रोसेस) असा आहे, म्हणजे एका कोअरला ३. कुठल्याशा व्हिडिओत बघून ९ टाकले असतील तर मेमरी संपते आणि लिनक्स स्वतःच एखादी प्रोसेस मारतो. असं ५०२ कधी येतं, कधी जातं. डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘आउट ऑफ मेमरी’ लिहिलेलं सापडेल. वर्कर कमी करा आणि एक-दोन जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बनवा.

लॉग वाचताना वेळेचं भान ठेवा. भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक यूटीसीवर असतं, आपल्या साडेपाच तास मागे. मोंढ्यात सकाळी ११ वाजता अ‍ॅप पडलं असेल तर लॉगमध्ये ५:३० बघायचं. हीच गोष्ट तुमच्या हिशोबपट्टीलाही नडेल. जँगोच्या नव्या प्रोजेक्टमध्ये टाइम झोन यूटीसी लिहिलेला असतो. विंडोजवर पायथॉन आजची तारीख लॅपटॉपच्या घड्याळावरून घेतो, म्हणून चूक दिसत नाही. लिनक्सवर तीच ओळ यूटीसीची तारीख देते. सीझनमध्ये ट्रॅक्टर रात्रभर येत असतात. पहाटे ४ वाजता काट्यावर नोंद केली तर पट्टीवर आदल्या दिवसाची तारीख पडेल आणि भाव आदल्या दिवसाचा लागेल. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे, सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता आत्ताच लिहून टाका.

५०२ गेल्यावर लगेच सगळं सुरळीत होईल असं नाही. ४०० आला तर जँगोच्या सेटिंगमधल्या अलाउड होस्ट्सच्या यादीत तुमचं डोमेन नाही. पान आलं पण रंगरूप गेलं, तर कलेक्टस्टॅटिक (सीएसएस, चित्रं एका फोल्डरात गोळा करणारी जँगोची कमांड) राहिलंय किंवा एन्जिनएक्सला ते फोल्डर सांगितलेलं नाही, कारण डीबग बंद असताना जँगो स्वतः त्या फाइल्स देत नाही. सगळं आलं आणि फक्त दुकानाचा लोगो नाही, तर फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर बघा, विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. काट्याच्या पावतीचा फोटो चढवताना ४१३ आला तर एन्जिनएक्सची १ एमबीची मर्यादा वाढवा. यातलं काही सापडत नाही म्हणून सर्व्हरवर डीबग चालू मात्र करू नका. चूक झाली की तुमच्या सेटिंग्ज आणि कोडचे तुकडे येणाऱ्या प्रत्येकाला दिसतात. लॉगमध्ये तीच माहिती फक्त तुम्हाला दिसते.

मराठीचं एक काम वेगळं तपासा, कारण ते ट्युटोरियलांत नसतं. हिशोबपट्टीची पीडीएफ लॅपटॉपवर सुरेख निघते आणि सर्व्हरवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन येतात. कोड बरोबर असतो, सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसतो. उबंटूमध्ये लोहित देवनागरीचं पॅकेज आहे, ते टाका आणि गुनिकॉर्न रीस्टार्ट करा. मग एक पट्टी काढून ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘पाथ्री’ अशी नावं छापून बघा. चौकोन गेले तरी जोडाक्षरं तुटलेली येत असतील, तर दोष पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीत आहे. वीझीप्रिंटसारखी लायब्ररी जोडाक्षरं नीट जुळवते. चौकोनांऐवजी प्रश्नचिन्हं येत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे मायएसक्यूएलचा टेबल जुन्या लॅटिन-१ अक्षरसंचात बनलेला असतो. तो यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये न्यावा लागतो, आणि प्रश्नचिन्हं होऊन बसलेली नावं परत येत नाहीत, पुन्हा भरावी लागतात. म्हणून खरी नोंद सुरू करण्याआधी हे बघा.

आणि ज्या दिवशी पहिली खरी पट्टी निघेल त्याच दिवसापासून रोज रात्री डेटाबेसची प्रत सर्व्हरच्या बाहेर कुठेतरी जाऊ द्या. एकदा ती प्रत लॅपटॉपवर उघडूनही बघा.

आज रात्री एवढंच करा: एरर लॉगमधली शेवटची ओळ आणि सर्व्हिसच्या लॉगमधल्या शेवटच्या वीसेक ओळी इथे खाली टाका. सर्व्हिस फाइल आणि एन्जिनएक्सची साइट फाइलही टाका. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून टाका, म्हणजे पत्ते अक्षराने जुळवता येतील. टाकण्याआधी पासवर्ड, सीक्रेट की आणि सर्व्हरचा आयपी त्यातून काढून टाका.