किमान भावाचा ठराव, सुताचा दर आणि कांद्याची पट्टी: सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले आहेत. धंदे वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका आहे: भाव बाजारात ठरतो, की आधीच कुणी बसून ठरवतो?

प्रश्न: आम्ही पूर्व भागातले बावीस टॉवेल उत्पादक. सूत महागले तरी आम्हाला भाव वाढवता येत नाही, कारण कोणीतरी अडचणीत येतो आणि तोट्यात माल काढून टाकतो. म्हणून बैठकीत ठराव केला: ठरलेल्या वजनाच्या टॉवेलचा डझन अमुक भावाखाली विकायचा नाही, विकला तर दंड. आता एक बाहेरगावचा व्यापारी म्हणतो, ही साखळी (भाव ठरवण्यासाठी केलेले संगनमत) आहे, तक्रार करतो. आमच्यासारख्या लहान माणसांना हा कायदा लागतो का?

उत्तर: लागतो. ठराव लगेच मागे घ्या आणि तो मागे घेतल्याचे इतिवृत्तात लिहा. जुने पान मात्र फाडू नका. चौकशी झालीच तर फाडलेले पान ठरावापेक्षा जास्त नडते.

स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(३) मध्ये चार गोष्टी आहेत: एकाच धंद्यातल्यांनी मिळून भाव ठरवणे, उत्पादन किंवा पुरवठा रोखणे, गिऱ्हाईक किंवा इलाखे वाटून घेणे आणि निविदेत संगनमत करणे. यांतले काहीही केले की स्पर्धेला बाधा आली असे कायदा गृहीत धरतो. तसे झाले नाही, हे तुम्हाला दाखवावे लागते. करार लेखी असण्याचीही गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅप गटावर 'सोमवारपासून हाच भाव' असे लिहिले आणि बाकीच्यांनी अंगठ्याची खूण टाकून होकार दिला, तरी ती समजूत कराराच्या व्याख्येत बसते. छोट्या उद्योगांना यात वेगळी सूट नाही.

दंडाचे गणित समजून घ्या. साखळी जितकी वर्षे चालली त्या प्रत्येक वर्षासाठी नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. समजा एखाद्याची उलाढाल २ कोटी आणि नफा ६ लाख आहे. तिप्पट नफा १८ लाख, १० टक्के उलाढाल २० लाख, म्हणजे वर्षाला २० लाखांपर्यंत. ही कमाल मर्यादा आहे, दंड लावणारा भारतीय स्पर्धा आयोग कमीही लावतो. पण ज्या धंद्यात सहा लाख सुटतात तिथे त्याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले कळते. संघटनेचे पदाधिकारीही कलम ४८ खाली व्यक्तिशः अडकू शकतात. तुमच्या ठरावातले सगळ्यात घातक कलम म्हणजे कमी भावात विकणाऱ्याला दंड. नुसती चर्चा झाली होती, असे म्हणायची सोय त्याने उरत नाही.

तुमचे दुखणे खरे आहे, त्यात शंका नाही. उपाय मात्र दुसरीकडे शोधायला हवा. तोट्यात विकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपण तोट्यात विकतो आहोत हेच माहीत नसते. समजा तयार टॉवेल ४०० ग्रॅमचा आहे. डझनाचे वजन ४.८ किलो. हिशोब करणारा ४.८ किलो सुताचीच किंमत धरतो. ताणा, बाणा, लूप, रंगाई, कापणी मिळून ५ टक्के तूट आली, तर सूत सुमारे ५.०५ किलो लागते. डझनामागे पाव किलो सूत हिशोबाबाहेर राहिले. त्यात थकलेल्या बिलावरचे व्याज आणि बंद मागाची वीज कोणी मोजत नाही. संघटनेने हिशोबाची पद्धत शिकवली, कोरा तक्ता छापून दिला, तर त्याला कायद्याची आडकाठी नाही. त्या तक्त्यात प्रत्येकाने आपापले आकडे भरावेत आणि आपल्याजवळच ठेवावेत. एकमेकांचे पुढचे भाव त्यात दिसू लागले, की गाडी पुन्हा साखळीच्या रुळावर येते.

एकत्र सूत खरेदीही करता येते. खर्च कमी करणाऱ्या खऱ्याखुऱ्या संयुक्त उपक्रमाला कलम ३(३) मध्येच जागा ठेवली आहे. पथ्ये दोन: बैठकीत विक्रीचा भाव निघता कामा नये आणि सभासदाला बाहेरून सूत घेण्याची मोकळीक हवी. निर्यात करणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. फक्त निर्यातीच्या मालाबद्दलचा करार कलम ३(५) खाली या बंधनातून वगळला आहे. तोच भाव देशातल्या गिऱ्हाइकाला लावला, तर सूट संपली.

प्रश्न: सुताचे चार मोठे व्यापारी एकाच दिवशी, किलोमागे तेवढेच रुपये वाढवतात. एकाकडून दुसऱ्याकडे गेलो तरी दर तोच. हा पुरावा पुरेसा नाही का? दलालही तोच आहे.

उत्तर: पुरेसा नाही, पण सुरुवात म्हणून चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की फरक दिसतो. भारतीय अन्न महामंडळाने २००९ मध्ये धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी निविदा काढली. तीन कंपन्यांचा देकार एकच होता, किलोला ३८८ रुपये. तिथे संगनमत मानले गेले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने ते कायम केले. याउलट गॅस सिलिंडर बनवणाऱ्यांच्या प्रकरणात देकार सारखे असूनही २०१८ मध्ये न्यायालयाने दंड रद्द केला. घेणाऱ्या तेल कंपन्या मोजक्या, त्यांचीच बाजारावर पकड, माल एकसारखा आणि खर्चही जवळपास सारखा. अशा बाजारात न बोलताही दर एका आकड्यावर येऊ शकतात, असे न्यायालयाने मानले.

सुताचे तसेच आहे. कापूस वाढला की गिरण्या वाढवतात, गिरण्यांनी वाढवले की व्यापारी वाढवतो. त्यात गुन्हा नाही. म्हणून वाढीपेक्षा उतरणीकडे लक्ष द्या. कापूस आणि गिरणीचा दर उतरला असताना चौघांचाही दर तिथेच अडकून राहतो का? नवा व्यापारी कमी दरात विकू लागला, तर त्याचा माल अडवला जातो का? चौघांच्या उधारीच्या अटीही एकाच दिवशी बदलतात का? एक वही घाला आणि सहा महिने लिहा: तारीख, सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचा आकडा), प्रत्येकाचा दर, गिरणीचा दर, त्या दिवशीचा कापसाचा भाव. दर फोनवर घेऊ नका, संदेशात मागा म्हणजे नोंद राहील.

दलालाबद्दल तुम्ही विचारले ते महत्त्वाचे आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जो स्वतः त्या धंद्यात स्पर्धक नाही पण साखळीत भाग घेतो, तोही जबाबदार धरला जातो. 'अमक्याने वाढवले, तुम्हीही उद्या वाढवा' असा निरोप पोहोचवणारा दलाल यात येऊ शकतो.

माहिती दिल्लीतल्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे द्यायची असते. कलम १९ खाली कोणीही व्यक्ती किंवा संघटना ती देऊ शकते. सोबत शुल्क लागते, व्यक्तीला कमी आणि मोठ्या उलाढालीच्या कंपनीला जास्त. नाव गुप्त ठेवण्याची विनंती अर्जासोबतच करा. आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर तो महासंचालकांकडे तपास सोपवतो. तथ्य दिसले नाही तर प्रकरण तिथेच बंद होते. बरीच प्रकरणे याच पायरीवर अडतात, कारण अर्जात राग असतो आणि तारखा नसतात. घटनेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा. उशिराचे सबळ कारण दिले तरच सवलत. साखळीतल्याच एकाने आधी येऊन मोलाची माहिती दिली, तर कलम ४६ खाली त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. चौघांपैकी एकाला हे माहीत असणेही पुष्कळदा उपयोगी ठरते.

प्रश्न: कांदा घेऊन बाजार समितीत जातो. लिलावात एकजण बोली बोलतो, बाकीचे गप्प. पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) हातात येते तेव्हा काहीच उरत नाही. तक्रार कुठे करायची?

उत्तर: फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापुरात ५१२ किलो कांद्याचे दोन रुपये मिळाले, तेही पुढच्या तारखेच्या धनादेशाने. किलोला एक रुपया भाव, म्हणजे ५१२ रुपये. त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई वगैरे मिळून ५०९ रुपये ५० पैसे वजा. ही पट्टी देशभर गाजली. त्या आकड्यांत दोन वेगळे प्रश्न आहेत. एक रुपया भाव का, हा एक. वजावट बरोबर आहे का आणि धनादेश पुढच्या तारखेचा का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर लवकर मिळते, म्हणून आधी तो घ्या.

पट्टी वरून खाली वाचा. वजन काट्याच्या पावतीशी जुळते का? 'कडता' किंवा 'घट' म्हणून काही किलो कापले आहेत का? काट्यावर वैधमापन विभागाची चालू पडताळणी आहे का? इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी व्हावी लागते. मग कपात पाहा. हमाली, तोलाई, मोटारभाडे आणि घेतलेली उचल, यांचे आकडे वेगवेगळे लिहिलेले हवेत. फळे-भाजीपाल्याची अडत (अडत्याची दलाली) २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे. ती तुमच्या पट्टीत 'इतर' या नावाखाली लपलेली असेल, तर बोट ठेवा. पैसे चोवीस तासांत मिळायला हवेत. पुढच्या तारखेचा धनादेश हातात पडला, तर त्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, आणि त्यावर पुण्यातले पणन संचालक.

आता बोलीचे. लिलाव उघडपणे, सगळ्यांना ऐकू येईल असाच व्हायला हवा. रुमालाखाली बोटे दाबून ठरलेला भाव हा लिलाव नव्हे, आणि त्याची तक्रारही वरच्याच दारात करायची. पण खरेदीदारांनी आपसांत 'आज हा वक्कल (मालाचा ढीग) तुझा, उद्याचा माझा' असे ठरवले असेल, तर ते कलम ३(३) चे प्रकरण होते आणि त्याची जागा स्पर्धा आयोग आहे. एका पट्टीवर ते सिद्ध होत नाही. आवक जास्त असताना भाव पडणारच. गावातल्या तीस-चाळीस जणांच्या पट्ट्या गोळा करा आणि तारखेप्रमाणे लावा. खरेदीदार पाळीपाळीने येताना दिसतात का, त्याच दिवशी त्याच प्रतीचा माल दुसऱ्या बाजार समितीत कितीला गेला, आणि नवा खरेदीदार आला त्या दिवशी बोली चढली का, एवढे पाहा. शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत वजनदार आहे, कारण माल तोच, आवक तीच, बदलला तो फक्त बोली लावणारा.

प्रश्न: चादरी आणि टॉवेलचा माल देऊन पाच महिने झाले, पैसे नाहीत. मोठा खरेदीदार म्हणतो, बाजाराची रीतच तशी आहे.

उत्तर: रीत काहीही असो, कायदा ४५ दिवसांपलीकडे जात नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर ठरलेली मुदत, पण ती ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. दिवस माल पोहोचल्यापासून मोजायचे. खरेदीदाराने १५ दिवसांत मालाबद्दल लेखी हरकत घेतली असेल, तर ती दूर झाल्यापासून. पाच महिन्यांनी 'रंगाच्या छटेत फरक होता' म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा.

मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. बँक रेट ६ टक्के धरला तर ते वर्षाला १८ टक्के झाले. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर करायची, ती थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वेळकाढूपणाला यानेच चाप बसतो.

दोन ठिकाणी लोक चुकतात. हा हक्क सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा आहे. मध्यम उद्योगांचा किंवा नुसता व्यापार करणाऱ्यांचा नाही. आणि उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची हवी, भांडण झाल्यावर केलेली कामी येत नाही. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. बिलावर तो दिसला की खरेदीदाराचा सीए स्वतःच जागा होतो, कारण आयकर कायद्याप्रमाणे मुदतीत न दिलेली रक्कम त्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही.

प्रश्न: औषधांची घाऊक एजन्सी घ्यायची आहे. कंपनी म्हणते, आधी औषध विक्रेत्यांच्या संघटनेचे ना-हरकत पत्र आणा. बंधनकारक आहे का?

उत्तर: नाही. लागतो तो अन्न व औषध प्रशासनाचा परवाना. संघटनेच्या ना-हरकतीशिवाय स्टॉकिस्ट (घाऊक विक्रेता) नेमायचा नाही, ही प्रथा स्पर्धाविरोधी असल्याचे स्पर्धा आयोगाने अनेक आदेशांत म्हटले आहे. कंपनीला ईमेलने विचारा: 'परवाना, जागा आणि अनामत तयार आहे, नेमणूक कोणत्या कारणाने थांबली आहे?' उत्तरात ना-हरकतीचा उल्लेख आला तर तो ईमेल जपून ठेवा. उत्तर आले नाही, तर पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा, पहिल्या ईमेलची तारीख घालून.