कुंडल शोधायचं तर 'सांगली' टाकू नका

प्रश्न : बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प 'प्रतिसरकार आणि कुंडल' असा आहे. ग्रंथालयातल्या संगणकावर 'सांगली १९४२' टाकलं तर काहीच येत नाही. इंटरनेटवरचे लेख सरांना चालत नाहीत. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, पलूस

उत्तर : पुस्तकं आहेत, तुमचा शब्द चुकतोय. १९४२ साली सांगली जिल्हाच नव्हता. कुंडल औंध संस्थानात होतं आणि वाळवा, तासगाव हा आसपासचा मुलूख सातारा जिल्ह्यात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणून 'सातारा' आणि 'औंध' शोधा. १९५१ची जनगणना हवी असेल तर 'दक्षिण सातारा'. इंग्रजी राजवटीला समांतर कारभार चालवणाऱ्या या चळवळीचं नावही कुणी प्रतिसरकार लिहितं, कुणी प्रति सरकार, पत्री सरकार, समांतर सरकार. एकेक करून सगळी टाका, रोमन अक्षरांतही टाका. कित्येक ठिकाणी मराठी पुस्तकांच्या नोंदी तशाच भरलेल्या असतात.

एक पुस्तक सापडलं की त्याच्या पाठीवरचा क्रमांक घेऊन कपाटापाशी जा आणि शेजारची पुस्तकं चाळा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युई पद्धतीत भारताचा इतिहास ९५४ला लागतो. पण प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचं चरित्र तिथं असेलच असं नाही. ते बहुधा ९२०ला किंवा वेगळ्या चरित्र विभागात असतं. तिकडे नक्की जा, कारण कुंडलचे बारकावे चरित्रांत आणि आठवणींतच जास्त मिळतात. मात्र आठवणीतली तारीख दुसऱ्या पुस्तकात पडताळल्याशिवाय लिहू नका. वीस-तीस वर्षांनी सांगितलेल्या गोष्टीत महिना सहज सरकतो.

साताऱ्याचं १९६३चं आणि सांगलीचं १९६९चं जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, संदर्भ विभागात मागा. ती घरी देत नाहीत, तेव्हा वही घेऊनच बसा.

'शोधगंगा'वर विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध फुकट वाचता येतात. प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. पहिलं प्रकरण वाचत बसू नका, आधी संदर्भसूचीची फाईल उघडा. तुमच्या विषयावरची पुस्तकं कुणीतरी वर्षानुवर्षं खपून तिथं एकत्र मांडलेली असतात. त्यातली पाच-सहा निवडून ग्रंथपालांना यादी दाखवा. प्रबंधातलं काही उद्धृत कराल तेव्हा पानावर छापलेला क्रमांक द्या. स्क्रीनवरचा क्रमांक प्रत्येक फाईलमध्ये १पासून सुरू होतो.

टिपण काढतानाच लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती आणि पान लिहून ठेवा. आवृत्ती विसरू नका, दुसऱ्या आवृत्तीत पानं बदललेली असू शकतात.