थ्रीचा टक्का घसरला, पण त्यात रेषेचा वाटा किती?

तुमचा प्रश्न असा, की 2019-20 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची थ्री-पॉइंट रेषा (जिच्या बाहेरून बास्केट केलं की तीन गुण, म्हणजे 'थ्री') मागे गेली आणि तुमच्या टीमचा थ्रीचा टक्का, म्हणजे मारलेल्या शंभर थ्रीपैकी लागलेले, एका हंगामात पाचने घसरला, तर दोष रेषेचाच ना? माझ्या मते त्यातला एक टक्का रेषेच्या नावावर टाका. उरलेल्या चाराचं उत्तर टीमकडे मागा.

पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या सर्वांत वरच्या गटात, रेषा 20 फूट 9 इंचांवरून 22 फूट पावणेदोन इंचांवर गेली. म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना फिबाचं 6.75 मीटर, जे आपल्याकडच्या स्पर्धांतही आहे. वाढ पावणेसतरा इंचांची. सगळ्या टीम मिळून थ्रीचा टक्का 34.4 वरून 33.3 वर आला. 2008-09 मध्ये रेषा एक फूट मागे नेली तेव्हाही 35.2 चे 34.4 झाले होते. दोन्ही वेळा घसरण साधारण एका टक्क्याची. फरक इतकाच, की मागच्या वेळी टक्का हळूहळू पुन्हा 35 पर्यंत चढला, या वेळी पुढची काही वर्षं तो 33 ते 34 मध्येच घुटमळत राहिला.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण 34.4 टक्क्यांनी एका थ्रीमागे 1.03 गुण पडतात, 33.3 ने जेमतेम 1. रेषेच्या आतून मारलेले टू-पॉइंटर (दोन गुणांचे शॉट) निम्मे लागतात, म्हणजे तिथेही 1 च. थ्रीतला फायदाच संपला. नियम करणाऱ्यांना तेच हवं होतं: थ्रीचा सपाटा थोडा आवरावा आणि आत ड्राइव्हला, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे घुसायला, जागा मिळावी.

रेषेचा खरा फटका बसला तो पहिल्या वर्षाच्या मुलांना, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. अमेरिकेत हायस्कूलची रेषा अजून 19 फूट 9 इंचांवरच आहे. पूर्वी कॉलेजात आल्यावर एक फूट मागे जावं लागे, आता जवळजवळ दोन फूट पाच इंच. पायांतून ताकद न घेता नुसत्या हातांनी फेकणाऱ्याचा बॉल मग रिंगच्या पुढच्या कडेला लागतो, दुसऱ्या हाफमध्ये पाय थकले की जास्तच. युरोपातून आलेली मुलं याच अंतरावर वाढलेली, त्यांना नवीन काही नव्हतं. कोपऱ्यात रेषा कमी सरकली, सुमारे 11 इंच, पण साइडलाइनपर्यंत जागा उरली सव्वातीन फुटांच्या थोडी वर. मोठ्या मापाच्या बुटांनी तिथे घाईत पाय जुळवून बघा.

आता उरलेले चार टक्के. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टीमचं उदाहरण घ्या. 2019 चे कॉलेज विजेते, थ्री 39 टक्क्यांच्या वर. पुढच्या हंगामात 30 च्या आसपास! नवी रेषा त्याच वर्षी आली, त्यामुळे खापर फोडायला ती आयतीच सापडली. पण काइल गाय, टाय जेरोम आणि डीआंद्रे हंटर हे टीमचे तिघेही खेळाडू एनबीएला, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेले होते. रेषा जागेवर असती तरी हे आकडे कोसळलेच असते. तरीही प्रशिक्षक टोनी बेनेटच्या या टीमने बचावाच्या जोरावर 30 पैकी 23 सामने जिंकले, ते वेगळं.

दुसरं कारण निव्वळ नशीब. खरोखर 35 टक्के लायकीचा शूटर 100 थ्री मारेल तेव्हा 30 किंवा 40 लागणं अगदी सामान्य आहे. कॉलेजात बऱ्याच मुलांचे हंगामाला 100 थ्रीही होत नाहीत. त्यामुळे जानेवारीत 'अमक्याचा हात गेला' म्हणणाऱ्यांकडे मी दुर्लक्ष करतो.

तुमच्या टीमचं नेमकं काय बिघडलंय ते बघायचं तर आधी थ्री कोण मारतंय ते बघा. गेल्या वर्षीच्या चांगल्या शूटर्सचे शॉट दुसऱ्याच कुणाकडे गेलेत का? मग त्या मुलांच्या फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) टक्का काढा. फ्री थ्रोची रेषा 15 फुटांवर आहे तिथेच आहे, आणि पुढ्यात कोणी हात घेऊन उभा नसतो. 80 च्या वर फ्री थ्रो मारणाऱ्या मुलाचे थ्री यंदा 29 टक्के असतील तर प्रशिक्षकाने त्याला मारू द्यावं, माझी तरी हरकत नाही. फ्री थ्रोच साठाच्या घरात असतील, तर तो जुन्या रेषेवरूनही शूटर नव्हता.