भाताच्या खाचरातलं मिथेन मोजलं कोणी?

प्रश्न: दरवर्षी हवामान परिषद भरते, शास्त्रज्ञ आकडे देतात, नेते भाषणं ठोकतात आणि आपापल्या घरी जातात. मग या करारांमधे विज्ञानाला खरंच काही किंमत असते का, की सगळं आधीच ठरलेलं असतं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: किंमत असते हो, पण टीव्हीवर दिसतं त्या हॉलमधे कमीच. कोणी किती कपात करायची हे शेवटी राजकारणच ठरवतं. पण बोलणी सुरू व्हायच्या आधी कोणाच्या नावावर किती उत्सर्जन (हवेत सोडलेले, पृथ्वी तापवणारे वायू) मांडायचं हा हिशोब होतो ना, खरी मारामारी तिथे असते आणि तिथे विज्ञान लागतंच.

आपलंच उदाहरण घ्या. 1990 च्या आसपास अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज होता की भारतातली भातशेती वर्षाला सुमारे 3.8 कोटी टन मिथेन, म्हणजे असाच एक पृथ्वी तापवणारा वायू, सोडते. हा आकडा कुठून आला, तर युरोप-अमेरिकेतल्या शेतांमधे घेतलेली मोजमापं आपल्या भाताच्या एकूण क्षेत्राला लावून! तिकडे शेतात पाणी सतत उभं असतं. आपल्याकडे बरीच खाचरं पावसावर, पाऊस उघडला की कोरडी पडायला लागतात, कोकणात कोणालाही विचारा. आणि पाणी साचून जमिनीतला ऑक्सिजन संपला तरच मातीतले सूक्ष्मजीव मिथेन बनवतात, शिवाय त्यांचं खाद्य असलेला सेंद्रिय कर्बही आपल्या बऱ्याच जमिनीत कमीच.

मग 1991 मधे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा यांनी देशभरातल्या संस्था गोळा केल्या आणि शेतात उतरून मोजायला लावलं. पद्धत तशी साधी आहे, भाताच्या चुडांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, ठराविक वेळाने सिरिंजने आतली हवा ओढायची आणि मिथेन किती वाढलं ते लॅबमधे तपासायचं. उत्तर आलं साधारण 40 लाख टन, म्हणजे अमेरिकन अंदाजाच्या जेमतेम एक दशांश! पुढे आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची आंतरसरकारी समिती) हिशोबाच्या पद्धतीतही सतत पाण्याखालचं शेत, मधे सुकणारं शेत, पावसावरचं शेत यांना वेगवेगळे गुणक मिळाले.

1992 ला ब्राझीलच्या रिओमधे हवामान बदलाचा जागतिक करार झाला तेव्हा जुनाच आकडा टेबलावर असता तर आपल्या लोकांना प्रत्येक वाक्याला त्याचंच उत्तर देत बसावं लागलं असतं. स्वतः मोजलं नाही की दुसऱ्याने लावलेला आकडा गुमान भरावा लागतो, आणि बऱ्याच गरीब देशांचं आजही तेच होतंय असं माझं मत.

प्रश्न: आयपीसीसीच्या रिपोर्टमधे सरकारं ढवळाढवळ करतात म्हणे?
(त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर: अर्धं खरं. आयपीसीसी स्वतः संशोधन करत नाही, जगभरातले शास्त्रज्ञ छापून आलेले पेपर वाचून त्याचा ताळेबंद मांडतात, तेही बिनपगारी. त्याचा जो छोटा सारांश असतो तो मात्र सगळ्या देशांचे प्रतिनिधी बसून ओळ न ओळ मंजूर करतात, रात्र रात्र चालतं ते. 2014 ला बर्लिनमधे देशांचे उत्पन्नानुसार गट पाडून उत्सर्जन दाखवणारे आलेख सारांशातून काढायला लावले, कारण काही देशांना आपल्या गटाचा आलेख पुढच्या करारात आपल्यावर उलटायला नको होता. पण मूळ रिपोर्टमधे ते आलेख तसेच राहिले, त्या प्रकरणांना सरकारं हात लावू शकत नाहीत. त्यामुळे नुसता सारांश वाचून मत बनवू नका, आख्खा रिपोर्ट नेटवर फुकट आहे.