आर्किटेक्चर करून शहराचे फोटो काढत बसणं म्हणजे पाच वर्षं पाण्यात घालणं आहे का?

नाही. पण हा प्रश्न तुम्हाला स्वतःला पडला की घरच्या कोणी पाडला ते आधी सांगा भाऊ, कारण मला तो माझ्या मोठेबाबांनी पाडला होता, तोही भर तेरवीच्या पंगतीत. "पाच वर्सं शिकला अन् आता भिताडाचे फोटू काढून राहिला. फोटूच काढाचे होते तं एखाद्या स्टुडिओत ठेवलं असतं तुले." पंगत हसली. माझ्या हातात वरणाची बादली, काय बोलणार.

गाव आमचं हिंगणघाट तालुक्यातलं. बी.आर्क. नागपुरात केलं, तिथंच एका ऑफिसात टॉयलेटचे डिटेल आणि पार्किंगची गणितं काढत बसलो, मग सोडलं. आता कापसावर उभी राहिलेली आपल्याकडची छोटी शहरं टिपतो. जिनिंगा (कापसातून सरकी वेगळी करायचे कारखाने), बाजार ओळी, एसटी स्टँड, पाण्याच्या टाक्या.

मोठेबाबांनी ज्या जिनिंगात जन्मभर बंडीनं कापूस नेला ती बंद पडलीय. तिथं सकाळी ट्रायपॉड लावला तर चौकीदार आला, काहून मोजून राहिले, रस्ता रुंदीकरणवाले का? म्हटलं फोटो काढतो. म्हणे, लग्न कोनाचं? मग चहावाला आला, दोन रिटायर्ड मास्तर आले, आणि गोष्ट वारसदारांच्या कोर्टकेसपर्यंत गेली, तोवर मी ऊन भिंतीवर तिरपं यायची वाट पाहत उभा. स्टुडिओवाला असता तर फाटकासमोरून एक क्लिक मारून गेला असता. मी बाजूला गेलो, कारण तिथून कळते की शेड एवढी लांब आणि अरुंद का आहे. एका इंजिनावर एक लांबलचक शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांनी सगळे जिन त्याच्यावर चालायचे, म्हणून ओळीत मशिनी, म्हणून तशी बिल्डिंग. कुठं उभं राहायचं हे त्या पाच वर्षांनीच शिकवलं ना?

प्रिंट पाहून मोठेबाबा म्हणाले, यात एकही मानूस नाही. बरोबर, मुद्दामच नाही. इटलीतल्या मिलानचा फोटोग्राफर गाब्रिएले बासिलिको, जन्म १९४४, १९७३ मध्ये आर्किटेक्चरची डिग्री घेतली आणि १९७८ ते ८० मध्ये स्वतःच्याच शहरातले कारखाने रिकाम्या रस्त्यांसकट टिपले. १९९१ मध्ये यादवी संपलेल्या बैरुतला गेला तरी गोळ्यांनी चाळण झालेल्या बिल्डिंगांकडे त्यानं तसंच शांतपणे पाहिलं. माणूस फ्रेममध्ये आला की आपण त्याचं तोंड पाहतो, भिंत राहून जाते. आपल्याकडे टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली, आज त्या जागेवर त्याच नावाचा मॉल आहे. मिल चालू असताना कोणी आर्किटेक्ट कॅमेरा घेऊन तिथं भिंत न् भिंत फिरला असता तर त्याच्याही मोठेबाबांनी हेच म्हटलं असतं.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही पण तेच विचारायचं असणार. शहराचे फोटो पोट भरत नाहीत. पोट भरते ते आर्किटेक्ट लोकांचे नवे बंगले, शोरूम, शाळा शूट करून, आणि ते लोक तुम्हालाच बोलावतात कारण सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काय असतो हे समजावून सांगावं लागत नाही. टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे बिल्डिंगच्या उभ्या रेषा सरळ ठेवणारी लेन्स, लगेच घेऊ नका, भाड्यानं आणा. तोवर कॅमेरा वर झुकवायचा नाही, नाहीतर उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. समोरच्या घराच्या गच्चीवर जा, गावात कोणी नाही म्हणत नाही, फक्त चहा घ्यावा लागतो. मे महिन्यात सकाळी लवकरच आवरा, नंतर नुसता पांढरा उजेड आणि डोकं फिरवणारं ऊन.

हां, एक राहिलंच. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे आणि घरी थोडी शेती आहे. हे नसतं तर हे उत्तर एवढ्या जोरात लिहिलं असतं का, सांगता येत नाही. तुमच्यावर कर्ज असेल तर नोकरी करत करत रविवारी फिरा. लग्नाची कामंही घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मोठेबाबांना वाटते मी त्यांना हसतो, तसं नाहीये.

आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन सोडू नका, रिन्यू करत राहा. मोठेबाबांच्या नव्या घराचा नकाशा शेवटी मीच काढून दिला. फी मागितली तं म्हणे, घरच्या पोराले काहाची फी? मी म्हटलं, फोटोवाल्याला नका देऊ, आर्किटेक्टला द्या. अजून दिली नाही.